वर्गीय चलांचे महत्त्व कसे मोजावे? ‘टायटॅनिक’च्या आकडेवारीवरून एक विवेचन

ज्या घटनेचे दोनच परिणाम संभवतात, उदाहरणार्थ रोगी बरा होणे अथवा न होणे, कर्ज फिटणे अथवा बुडणे, तिचे पूर्वानुमान करताना हाती असलेली माहिती पुष्कळदा संख्यात्मक नसते. लिंग, व्यवसाय, वर्ग अशा प्रकारांत ती विभागलेली असते. अशा वर्गीय चलांपैकी अधिक महत्त्वाचे कोणते, हा प्रश्न संशोधकापुढे वारंवार येतो. प्रत्येक चलासाठी एक गुणांक काढावयाचा आणि त्याच्या क्रमाने चले ठेवावयाची अथवा गाळावयाची, ही त्यावरील रूढ रीत होय. ती कोठे पुरी पडते व कोठे फसवते, हे एका सुपरिचित उदाहरणावरून स्पष्ट होईल.

‘टायटॅनिक’ हे जहाज १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनगावर आदळले व १५ तारखेच्या पहाटे बुडाले. ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडने गोळा केलेल्या माहितीवर आधारलेले जे कोष्टक संख्याशास्त्राच्या अध्यापनात प्रचलित आहे, त्यात २,२०१ व्यक्तींची नोंद आहे. मूळ साधनांत आकड्यांविषयी थोडा मतभेद आहे; येथे हेच कोष्टक प्रमाण धरले आहे. त्यानुसार ७११ व्यक्ती वाचल्या व १,४९० मृत्युमुखी पडल्या. लिंग, वर्ग आणि वय (प्रौढ अथवा बालक) ही तीन चले उपलब्ध आहेत. पुढील कोष्टकात मुलगे पुरुषांत व मुली स्त्रियांत धरल्या आहेत.

| वर्ग | पुरुष | वाचलेले | स्त्रिया | वाचलेल्या |
|---|---|---|---|---|
| पहिला | १८० | ६२ | १४५ | १४१ |
| दुसरा | १७९ | २५ | १०६ | ९३ |
| तिसरा | ५१० | ८८ | १९६ | ९० |
| कर्मचारी | ८६२ | १९२ | २३ | २० |

कार्ल पिअर्सन यांची १९०० मधील काय-वर्ग कसोटी गुणसाहचर्य आहे की नाही एवढेच सांगते. व्यक्तींची संख्या वाढली की काय-वर्गही वाढतो, म्हणून तो महत्त्वाचे माप नव्हे. काय-वर्गास एकूण संख्येने भागून वर्गमूळ घेतले असता, फल द्विपर्यायी असताना, क्रामेर गुणांक मिळतो. तो लिंगासाठी ०.४६, वर्गासाठी ०.२९ व वयासाठी ०.१० येतो.

गुडमन व क्रुस्कल यांनी १९५४ मध्ये सुचविलेला लॅम्डा वेगळा प्रश्न विचारतो: चल ज्ञात झाल्याने अंदाजातील चुका किती घटतात? काहीच ठाऊक नसता सर्वांविषयी ‘बुडाला’ असा अंदाज केल्यास ७११ चुका होतात. लिंग कळल्यास त्या ४९३ वर, वर्ग कळल्यास ६३० वर व वय कळल्यास केवळ ७०६ वर येतात. तिसरे माप शॅनन यांच्या १९४८ मधील माहिती-सिद्धान्तावरून येते. त्यात फलाविषयीची अनिश्चितता शेकडा किती घटली हे पाहतात. ते प्रमाण अनुक्रमे १५.७, ६.५ व ०.७ आहे. तिन्ही मापांनी क्रम एकच लागतो, आणि येथेच थांबण्याचा मोह होतो.

परंतु लिंग आधीच ठाऊक असेल तर वर्गाचे महत्त्व किती उरते? लॅम्डाच्या दृष्टीने फारच थोडे. एकट्या वर्गाने ८१ चुका वाचविल्या होत्या. लिंगानंतर तो केवळ १६ वाचवितो, कारण तिसऱ्या वर्गातील स्त्रिया वगळता कोठेही अंदाज बदलत नाही. माहितीच्या मापाने मात्र लिंगानंतरही वर्ग ६.२ टक्के अनिश्चितता दूर करतो. त्याचे महत्त्व जवळजवळ अबाधित राहते. ही विसंगती नव्हे. पहिल्या वर्गातील स्त्रियांपैकी ९७ टक्के व दुसऱ्या वर्गातील ८८ टक्के वाचल्या. लॅम्डास या दोहोंत भेद दिसत नाही, कारण दोन्ही ठिकाणी अंदाज ‘वाचली’ हाच. ज्यास केवळ निर्णय करावयाचा आहे त्याने लॅम्डा वापरावा. ज्यास संभाव्यता हवी आहे त्याने माहितीचे माप.

शिवाय एका चलाचा परिणाम दुसऱ्याच्या आड लपतो. दुसऱ्या वर्गातील एकंदर ४१ टक्के लोक वाचले, कर्मचाऱ्यांतील २४ टक्के. परंतु केवळ पुरुष पाहिले तर तेच प्रमाण १४ व २२ असे उलटते. कर्मचाऱ्यांत स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच, हे त्याचे कारण.

याहून बोधप्रद उदाहरण वयाचे आहे. ०.७ टक्के हा आकडा पाहून वय गाळावेसे वाटेल. जहाजावर १०९ बालके होती. त्यांपैकी पहिल्या व दुसऱ्या वर्गातील ३० च्या ३० वाचली, तर तिसऱ्या वर्गातील ७९ पैकी ५२ बुडाली. (नंतरच्या प्रवासी-याद्यांत पहिल्या वर्गातील एका बालिकेचा मृत्यू नोंदला आहे, त्याने निष्कर्ष बदलत नाही.) दुसऱ्या वर्गात ११ मुलगे सर्व वाचले, आणि १६८ प्रौढ पुरुषांपैकी १४ च. वय तेथे निर्णायक होते. बालके संख्येने थोडी, आणि बहुसंख्य तिसऱ्या वर्गात, म्हणून एकंदर मापात ते दिसत नाही.

शेवटचा धोका प्रकारांच्या संख्येचा. समजा, या २,२०१ व्यक्ती चिठ्ठ्या टाकून २२१ गटांत वाटल्या. गटांचा जगण्याशी काहीही संबंध नसताना क्रामेर गुणांकाचा वर्ग सरासरीने २२० भागिले २,२००, म्हणजे ०.१ येईल, गुणांक सुमारे ०.३२, म्हणजे खऱ्या वर्गाच्या ०.२९ पेक्षा अधिक! म्हणून मापाची तुलना स्वातंत्र्य-मात्रांचा विचार करूनच केली पाहिजे. चलाची मूल्ये यदृच्छया अदलाबदल करून पूर्वानुमान किती बिघडते हे पाहण्याची ब्रायमन यांची २००१ मधील रीतही, प्रतिमान रचताना न वापरलेल्या नोंदींवर अजमाविली तरच, या दोषावर उपाय ठरते.

सारांश, ‘अमुक चल महत्त्वाचे’ हे विधान तीन गोष्टी सांगितल्यावाचून अपुरे आहे: कोणत्या प्रश्नाचे माप वापरले, इतर कोणती चले आधीच विचारात घेतली होती, आणि प्रकार किती होते. चल गाळण्यापूर्वी इतर चलांच्या प्रत्येक प्रकारात त्याचे कोष्टक मांडून पाहावे. तसे न करता वय गाळले असते, तर कोष्टकातील मृत बालकांपैकी प्रत्येक बालक तिसऱ्या वर्गातील होते, ही गोष्ट विश्लेषणात कोठेच उमटली नसती.