हाताला लागलेली संवय

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर रोगी पुष्कळदां काठी टेकून चालूं लागतो, पण त्याचा हात मात्र मागें राहतो, हें अनेकांनीं आपल्या घरीं पाहिलें असेल. चालावयाचें तर दोन्ही पायांवांचून गत्यंतर नाहीं. हाताची गोष्ट निराळी. एक हात दुबळा झाला कीं दुसरा त्याचें काम आपल्या अंगावर घेतो.

१८९५ सालीं इंग्लंडांत मॉट व शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनीं माकडाच्या एका हाताकडून संवेदना नेणारे तंतु तोडले. हालचालीचे तंतु शाबूत होते, तरी माकडानें तो हात वापरणें सोडून दिलें. पुढें अमेरिकेंत एडवर्ड टॉब यांनीं अशा माकडाचा चांगला हात बांधून ठेविला, तेव्हां निरुपयोगी ठरलेला हात अन्न उचलूं लागला! आरंभीं प्रत्येक प्रयत्न फसल्यामुळें माकड तो हात न वापरण्यास शिकलें होतें. (मुक्या प्राण्यांवरील असे प्रयोग मनास बोंचतात, हें मी लपवीत नाहीं.) आम्हां शिक्षकांस हा प्रकार नवा नाहीं. दोनदां चुकलेला मुलगा, शेजारचा हुषार गडी उत्तर देतोच हें पाहून, पुढें उत्तर येत असतांही गप्प बसतो.

टॉब यांनीं हेंच तत्त्व माणसांस लाविलें. दोन आठवडे, जागेपणाचा बहुतेक सर्व वेळ, चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवावयाचा आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास कामें करून घ्यावयाचीं. दाणे वेंचणें, पत्ते उलटणें अशीं हीं कामें हळूहळू कठीण करीत जातात, आणि अल्पशा सुधारणेचीही शाबासकी देतात. झटक्यास तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रोग्यांची अमेरिकेंतील चांचणी २००६ सालीं प्रसिद्ध झाली. हा उपचार घेतलेल्यांचे हात इतरांपेक्षां अधिक सुधारले, व ती सुधारणा वर्षानंतरही टिकून होती.

मात्र मनगट व बोटें स्वेच्छेनें थोडीं तरी वर उचलतां येत असतील, त्यांच्यासाठींच हा उपाय आहे. चांगला हात अडकविल्यानें पडण्याचें भय असतें. म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीवांचून तो करूं नये. लुळा हात धरून रोग्यास ओढून उठवूं नये. त्यानें खांदा दुखावतो.

आजोबा सदऱ्याच्या गुंडीशीं झटापट करीत असतां नातू धांवत येऊन ती लावून देतो. त्याचें प्रेम खरें, पण तेवढ्यानें हाताची एक संधि गेली. त्या हातांत थोडा जीव आला असल्यास, गुंडीला दहा मिनिटें लागलीं तरी नातवानें जवळ बसून राहावें.