एकाच शतकातले दोन दगड

हळदीच्या हंगामात वसमतच्या मोंढ्यातून निघालं की तो वास अंगाला लागूनच औंढ्यापर्यंत सोबत येतो. अंतर फार नाही. पण औंढा नागनाथाच्या देवळाच्या जोत्यापाशी उभं राहिलं की आपण थेट तेराव्या शतकात असतो, देवगिरीच्या यादवांच्या राज्यात.

त्याच शतकात तिकडे इंग्लंडात, यॉर्कशायर परगण्यातल्या तटबंदीच्या यॉर्क शहरातही पाथरवटांचे छिन्नी-हातोडे वाजत होते. तिथल्या ‘यॉर्क मिन्स्टर’ या भव्य चर्चचं आजचं रूप १२२० च्या सुमारास घडू लागलं आणि १४७२ मध्ये पुरं झालं. तिथला दगड चुनखडीचा, कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राच्या तळाचा. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तप्त लाव्हारसाचा. एक पाण्यातून आलेला, दुसरा आगीतून!

दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच होता: वरचा दगडी भार डोक्यावर तोलायचा कसा?

दगड दाब मुकाट सोसतो, पण वाकवायला गेलं की तडकतो. लांब तुळई मधोमध खालच्या अंगानं फुटते. यॉर्कच्या कारागिरांनी त्यासाठी टोकदार कमान घेतली. तिच्यात प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो, आणि तो रेटा बाजूच्या जाड भिंती पेलतात. आपल्या पाथरवटांनी कमानीचा आधारच घेतला नाही. त्यांनी खांब जवळजवळ रोवले, तुळईखाली दोन्ही बाजूंना हात पसरावेत तसे दगड दिले आणि तिचा मोकळा भाग आखूड केला. अशा मंडपांत वर चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवत जातात. प्रत्येक थराला उघडी जागा कमी होत जाते आणि शेवटची शिळा तोंड मिटवते. सांध्यात चुना नाही. एका दगडाला कूस, दुसऱ्याला खाच, आणि वरचं ओझंच सगळ्यांना जागेवर धरून ठेवतं. यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, याच्या नावावरून आपण या बांधणीला हेमाडपंती म्हणतो.

औंढ्याचं वरचं शिखर नंतरच्या काळातलं आहे. जुनं पाहायचं तर नजर खाली हवी. जोत्यावर हत्तींची रांग आहे. एकेका हत्तीसमोर थांबून पाहा. इतक्या कठीण दगडातून सोंडेचा बाक काढायला किती दिवस लागले असतील!

यॉर्कमध्ये मान वर जाते. औंढ्यात ती खाली वाकते. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांवरून अंग चोरून उतरावं लागतं, आणि त्या ठेंगण्या, उबदार काळोखात बाराशे मैलांवरून आलेला यात्रेकरू आणि शेजारच्या गावचा शेतकरी सारखेच वाकलेले असतात.

वर आल्यावर देवळाच्या मागच्या बाजूला जा. संत नामदेवांचा काळ १२७० ते १३५०, त्यांचं नर्सी याच जिल्ह्यातलं, आणि विसोबा खेचर त्यांना गुरू म्हणून भेटले ते इथेच, असं परंपरा सांगते. नामदेवांना मागे जाऊन कीर्तन करायला लावलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं, अशी कथा आहे. ज्या बांधणीत ओझं हाच जीव, दगडानं जागा न सोडणं हेच सारं कसब, तिच्याबद्दल लोकांनी सांगितलेली गोष्ट ही, की एका कीर्तनासाठी ते सगळं ओझं जागचं हललं.