पाण्याचा हिस्सा : एकराने की माणसाने?



उन्हाळ्यात लासूर स्टेशनच्या शिवारात बोअरची गाडी आली की शेजारच्या विहिरीवाल्याला रात्री झोप लागत नाही. त्याची भीती खोटी नाही. आपला खडक काळा, बेसाल्टचा. पाणी राहते ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या फटींत, खाली काही वेगळा समुद्र नाही. ज्याच्या गाठीला पैसा तो खोल जातो आणि बाजूच्या विहिरीचेच पाणी ओढतो.

पाऊस अलीकडे लहरी झाला आहे. मोठा खंड पडतो, नाहीतर 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झाली तशी अतिवृष्टी होते. 2012-13, 2015-16 आणि 2018 चे दुष्काळ सगळ्यांवर आले खरे, पण सारखे आले नाहीत. मोठ्या बागायतदाराचा ऊस निम्मा का होईना वाचला. दोन एकरवाल्याची विहीर आटली, दावणीची जनावरे बाजारात गेली, आणि कोयता घेऊन तोडणीला जाण्याची पाळी आली ती त्याच्यासारख्यावरच.

याच प्रश्नाला पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या नायगावात एक उत्तर शोधले गेले. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या इंजिनिअर उद्योजकाने तिथे देवस्थानची पडीक जमीन खंडाने घेतली, बांध घातले, पाणी अडवले, विहीर काढली. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आपल्या डोक्यात पटकन बसणार नाहीत असे आहेत. पाण्याचा हिस्सा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर : माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालासुद्धा हिस्सा. आणि ऊस लावायचा नाही!

ऊस विकास अधिकाऱ्याने हे छापावे म्हणजे गंमतच. पण हिशेब तर करून बघू. पाटपाण्यावरच्या उसाला साधारण 2000 मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे एकराला सुमारे 80 लाख लिटर. तेवढ्यात चार एकर ज्वारी निघते. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. त्यातली 50 डब्यांची गाडी 25 लाख लिटरची. पावसाचा वाटा वजा केला तरी आपला एकरभर ऊस तसल्या दोन गाड्या रिचवतो. ठिबकवर यात चाळीस टक्क्यांपर्यंत बचत होते. मात्र वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी एक एकर ऊस लावतो, तिथेच घोडे पेंड खाते.

ऊसबंदी आपल्याकडे चालेल असे मला वाटत नाही, पटतही नाही. लहान सभासदाच्या हातात वर्षातून एकदा एकरकमी पैसा येतो तो उसाचाच. माझा मुद्दा वाटणीचा आहे. सामाईक विहिरीवर आज पाळी लागते ती सातबाऱ्यावरच्या हिश्श्याने, कुणाचे आठ आणे, कुणाचे चार. घरात खाणारी तोंडे किती हे कुणी विचारत नाही. त्यात विधवा भावजय असेल तर तिची पाळी नेमकी लाईट नसते तेव्हाची.

तेव्हा आडसालीची नोंद देण्याआधी एका विहिरीवरच्या सगळ्या भागीदारांनी, बाया-माणसांसकट, एकदा बसावे. मार्चअखेर विहिरीत किती परस पाणी उरते ते आठवावे. मेपर्यंत तेवढ्यावर किती ऊस जगेल तेवढाच धरावा, तोही ठिबकवर. आणि प्रत्येक घराला निदान अर्धा-एक एकराचे पाणी आधी बाजूला काढून मग उरलेले हिश्श्याने वाटावे. नायगावएवढे कडक नको, पण सुरुवात करता येईल. भांडण होईल हे धरूनच चालावे. भाऊबंदकीत पाण्याचा विषय निघाला की जुने बांधसुद्धा उकरले जातात.

बैठक ठरली की गट ऑफिसला निरोप द्या. विहीर मोजायला टेप घेऊन मी येतो, रविवार असला तरी चालेल.

— ऊस विकास अधिकारी