संशयित क्वेसार

सातारा-सांगलीच्या खेड्यांत मधुमेहाचे शिबिर भरते, तेव्हा बोटाच्या थेंबभर रक्तात साखर जास्त आली तर तो रुग्ण फक्त ‘संशयित’ ठरतो. निदान होते ते प्रयोगशाळेतल्या तपासणीनंतर. अतिदूरचे क्वेसारही असेच शोधतात.

क्वेसार म्हणजे महाकाय कृष्णविवरात पडणाऱ्या तप्त वायूचा झगमगाट. सर्वेक्षणात कोट्यवधी ठिपक्यांची छायाचित्रे निरनिराळ्या फिल्टरमधून घेतात. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरचा प्रकाश तांबड्याकडे सरकतो आणि कमी तरंगलांबीचा भाग वाटेतला हायड्रोजन शोषतो. त्यामुळे दृश्य प्रकाशात गायब, पण अवरक्तात ठळक असा ठिपका संशयित. मात्र आपल्याच आकाशगंगेतले थंड ‘तपकिरी बटू’ही तसेच दिसतात! नारायणगावजवळच्या खोडद येथील ३० अँटेनांच्या दुर्बिणीने केलेल्या रेडिओ सर्वेक्षणासारखी दुसरी नोंद चाळणीला मदत करते. खात्री पटते ती वर्णपटानेच.

२०२१ मध्ये जाहीर झालेल्या जे०३१३-१८०६ या क्वेसारचा प्रकाश १३ अब्ज वर्षांपूर्वी निघाला. त्याचे कृष्णविवर सूर्याच्या सुमारे १६० कोटी पट जड. इतक्या लवकर ते एवढे कसे वाढले, हे अजून कोडेच आहे.

तेव्हा शिबिरातल्या आकड्याने घाबरू नका. पण पुढची तपासणीही टाळू नका.