दिवा लागेपर्यंत थांबू नका : इंजिनाच्या ऑइलचा दाब आणि त्याचा काटा
(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पानावर एरवी मी बेणे, लागण, खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय इंजिनाचा आहे. ऊस शेतात कितीही जोमदार आला तरी तो कारखान्याच्या वजनकाट्यावर येतो तो इंजिनाच्याच जिवावर.

मागील हंगामात आमच्या गटातील एक ट्रॅक्टर रात्री दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन कालव्याच्या चढावर थांबला. थांबला म्हणजे इंजिन जाम झालं. स्टार्टर मारला की नुसता टक् आवाज. सकाळी मी जीप घेऊन गेलो तर ड्रायव्हर पोरगा बांधावर डोकं धरून बसलेला.

"ऑइलचा दिवा लागला होता का रे?"

"लागला होता साहेब. चढाला लागायचा, सपाटीला विझायचा. आठ दिवस असंच चाललंय. मालकांना बोललो, तर म्हणाले वायर ढिली असंल."

वायर ढिली नव्हती. चेंबरमध्ये ऑइल कमी होतं. चढावर उरलंसुरलं ऑइल मागे सरकायचं, पंपाची गाळणी उघडी पडायची आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढायचा. शेवटी क्रँकचे बेअरिंग कोरडे फिरले आणि धरले. दुसरा ट्रॅक्टर जोडून ट्रॉल्या कारखान्यावर यायला दीड दिवस गेला. त्यातला ऊस ज्याचा होता त्या सभासदाचा ट्रॅक्टरशी काही संबंध नव्हता, पण वाळलेल्या उसाचं वजन घटलं ते त्याचंच. बोलणी मात्र सगळी त्या पोराने खाल्ली. माझ्या मते चूक त्याची नव्हती. त्याने पाहिलं होतं आणि सांगितलंही होतं.

आता हा दाब म्हणजे काय ते पाहू. ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना हे लवकर समजेल. पंप पाणी ढकलतो, ते फिल्टरमधून मेनलाइनला, तिथून लॅटरलला आणि शेवटी ड्रिपरला जातं. इंजिनातही तसंच आहे. ऑइल पंप चेंबरमधून ऑइल उचलतो, फिल्टरमधून मुख्य वाहिनीत देतो आणि तिथून बारीक छिद्रांनी ते क्रँक, कॅम, रॉकर यांना पोहोचतं. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली जागा मिलीमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. तेवढ्या फटीत ऑइलचा थर असतो आणि फिरता क्रँक त्या थरावर तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. थर तुटला की काही मिनिटांत काम संपतं.

ठिबकच्या लाइनला गळती वाढली की दाब उतरतो. बेअरिंग झिजून फट वाढली की इंजिनातही तेच होतं. दुसरं कारण ऑइलचा पातळपणा. काकवी थंडीत भांड्याला धरून बसते आणि तापली की पाण्यासारखी धावते, हे गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. म्हणून सकाळी गार इंजिनावर दाब भरपूर दिसतो आणि तेच इंजिन तापल्यावर कमी दिसतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. पंपाजवळ रिलीफ व्हॉल्व्ह असतो, तो जादा दाब परत चेंबरमध्ये सोडतो.

मग डॅशबोर्डवरचा दिवा काय करतो? त्याचा स्विच साधारण पाच-सात पौंडांच्या खाली दाब गेला की दिवा लावतो, एवढंच. चालत्या इंजिनाला चाळीस-पन्नास पौंड हवे असताना पंधरा उरले तरी दिवा विझलेलाच. म्हणजे घर जळाल्यावर बोंब मारणारा राखणदार. शिवाय बल्ब गेलेला असला तर तेवढीही बोंब नाही. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, दिवा लागतो की नाही हे रोज पाहावे. लागत नसेल तर आधी तो दुरुस्त करावा.

काट्याचं तसं नाही. तो आज किती, काल किती, हे दाखवतो. काही ट्रॅक्टरना तो कंपनीचाच असतो, पण काच धुळीने भरलेली आणि काटा मेलेला, असेही मी पुष्कळ पाहिले. ज्यांच्याकडे नाही त्यांना बाहेरून बसवता येतो. माझ्या जुन्या डिझेल जीपला मी मिस्त्रींना हाताशी घेऊन बसवला, त्यावरून सांगतो.

काटे दोन प्रकारचे मिळतात. एक साधा, नळीचा. यात इंजिनातलं ऑइल बारीक नळीने थेट काट्यापर्यंत येतं आणि आतली वाकडी चपटी नळी दाबाने किंचित उलगडते. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकल्यावर उलगडते तशी. बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये ही युक्ती काढली, ती अजून चालू आहे. दुसरा विजेचा. यात इंजिनावर सेंडर बसतो आणि वायरीवरून काटा चालतो. उघड्या ट्रॅक्टरला मी साधाच सांगेन. बंद मोटारीत मात्र गरम ऑइलची नळी पायांजवळ आणण्यापेक्षा विजेचा बरा. सेंडर आणि काटा एकाच जोडीचे घ्यावेत. वेगवेगळे जोडले तर काटा हलतो पण खोटं बोलतो.

बसवायची जागा म्हणजे दिव्याचा स्विच. बहुधा तो ऑइल फिल्टरच्या आसपास ब्लॉकला असतो. तो काढून तिथे पितळी टी बसवायची; एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला काट्याची नळी. दिवा काढून टाकू नका, दोन्ही असू द्या. इथे खरी अडचण आट्यांची. एक अष्टमांश इंची पाइपचे आटे आणि दहा मिलीमीटरचे आटे डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात. चुकीची टी दोन फेरे सहज जाते आणि मग अडते. अडली की तिथेच थांबावे. आमच्या मिस्त्रींनीसुद्धा पान्हा जरा जास्तच लावला होता. मी हात धरला म्हणून फिल्टरचं हाउसिंग वाचलं. जुना स्विच दुकानात नेऊन आटे जुळवूनच टी घ्यावी. टेफ्लॉन टेप फार गुंडाळू नये. स्विचला अर्थ त्या आट्यांतूनच मिळते, टेप जास्त झाली तर दिवा लागणार नाही. तिचा तुकडा आत गेला तर आणखी नवी भानगड.

तांब्याची नळी घेतली तर इंजिनाजवळ तिचे दोन-तीन वेढे ठेवावेत. इंजिन थरथरतं, बॉडी तेवढी थरथरत नाही. सरळ ताणलेली नळी त्या ओढाताणीत कडक होऊन चिरते. नायलॉनची नळी सायलेन्सरपासून लांब न्यावी. पत्र्यातून नळी जाते तिथे रबरी बुश हवाच. हे सगळं झाल्यावर इंजिन सुरू करून प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून पाहावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावा. ही नळी तुटली तर इंजिन स्वतःच आपलं ऑइल बाहेर फेकून देतं. काटा बसवल्यामुळे इंजिन गेलं असं होता कामा नये.

काट्यावर आकडे पौंडांत असतात, किलोत किंवा बारमध्ये. एक किलो म्हणजे सुमारे चौदा पौंड, एक बार म्हणजे साडेचौदा. तीनवर काटा पाहून "तीनच?" म्हणून दचकू नका, ते बेचाळीस-त्रेचाळीस पौंड झाले. किती हवा, हे पुस्तिकेत दिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर मिस्त्री लोकांचा ढोबळ हिशेब असा, की तापलेल्या इंजिनाला दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड.

पण त्याहून महत्त्वाचा आहे तो आपल्या इंजिनाचा आकडा. अर्धा तास ओझ्यावर चालल्यानंतर स्लोवर किती आणि नेहमीच्या वेगाला किती, हे दोन आकडे टूलबॉक्सच्या झाकणावर आतून रंगाने लिहून ठेवा. माझ्या जीपचे अठरा आणि पंचेचाळीस आहेत. उद्या ते बारा आणि तीस झाले तर दिवा विझलेला असला तरी मी गाडी मिस्त्रींकडे नेईन.

काटा चढावर किंवा वळणावर लटपटत असेल तर ऑइल कमी आहे, हे समजावे. महिन्यामहिन्याने हळूहळू उतरत असेल तर झीज. पट्टीवर ऑइल वाढलेलं आणि काटा मात्र उतरलेला, हे लक्षण वाईट. ऑइलमध्ये डिझेल उतरत असावं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी. काटा एकदम पडला तर ट्रॉली बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करावे. "एवढं पुढच्या वस्तीपर्यंत" असं म्हणू नये. आधी पट्टी पाहावी, मग नळी. दोन्ही ठीक असतील तर दुसरा काटा लावून खात्री करावी, कारण काटेही बिघडतात.

काही जण उतरलेला काटा वर आणायला जाड ऑइल ओततात. काटा चढतो, फट तशीच राहते आणि पहाटेच्या थंडीत ते जाड ऑइल वरपर्यंत पोहोचायला उशीर लावतं. इंजिन विकायला काढलेलं असेल तर गोष्ट वेगळी. त्यावर मी काही बोलत नाही.

मोळी पडण्याआधी ट्रॅक्टरचं ऑइल आणि फिल्टर बदलतोच आपण. त्याच वेळी हे काम केलं तर अर्ध्या दिवसात उरकतं. ड्रायव्हरला ते दोन आकडे दाखवा आणि काटा उतरला तर न विचारता इंजिन बंद करायची मुभा द्या. काटा कसा बसवलाय ते पाहायचं असेल तर गटाच्या ऑफिससमोर सकाळी नऊपर्यंत जीप उभी असते. बॉनेट उघडून दाखवीन.