प्रोटोकॉलच्या पोटातली खळ

निमंत्रणपत्रिकेवर कोणाचं नाव कोणाच्या वर छापलं, व्यासपीठावर कोणाची खुर्ची कुठे लागली, यावरून मानापमान झाला की ‘प्रोटोकॉल पाळला नाही’ अशी तक्रार हमखास होते. सरकारी मराठीत त्यालाच राजशिष्टाचार म्हणतात. एवढा ताठ शब्द, पण त्याचा जन्म चिकटवाचिकटवीतून झालाय!

ग्रीकमध्ये ‘प्रोतोस’ म्हणजे पहिला आणि ‘कोल्ला’ म्हणजे चिकटवायचा पदार्थ. (‘कोलाज’ याच घरातला.) इजिप्तमध्ये पपायरस या पाणवनस्पतीच्या पट्ट्या उभ्या-आडव्या दाबून ताव करत आणि तावाला ताव चिकटवून गुंडाळी बनवत. तिचा पहिला ताव म्हणजे ‘प्रोतोकोल्लोन’. गुंडाळीवर सगळ्यात बाहेर तोच, त्यामुळे हाताळणीची झीजही तोच सोसणार.

हे ताव कशाने चिकटवत? पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी चक्क कृती सांगतो: बारीक पीठ, उकळतं पाणी, वर व्हिनेगरचे थोडे थेंब. वाचताना मी थबकलो. ही तर आपली खळ! पुठ्ठा डकवायला घरी मैदा शिजवून करतात तीच.

पुढे या तावाला कायद्याचं वजन आलं. इसवी सन 537 मध्ये सम्राट जस्टिनियनने कॉन्स्टँटिनोपलच्या दस्तलेखकांना बजावलं, की दस्त लिहायचा तो पहिला ताव शाबूत असलेल्या कागदावरच. त्या तावावर खजिन्याच्या अधिकाऱ्याचं नाव आणि कागद कधी तयार झाला याची नोंद असे. बनावट दस्त उघडे पाडायला ती कामी येई, म्हणून तो ताव कापून टाकायला मनाई. आपल्या स्टँप पेपरचा पूर्वजच म्हणा ना.

तावावरून शब्द सरकला दस्ताच्या मूळ मसुद्यावर, तिथून राजनैतिक करारांवर आणि मग मुत्सद्द्यांच्या रीतिरिवाजांवर. विसाव्या शतकात संगणकवाल्यांनीही तो उचलला: दोन यंत्रांनी आधी कोणी बोलायचं, ‘पोचलं’ हे कसं कळवायचं, याचे नियम म्हणजे प्रोटोकॉल. वेबपत्त्याच्या सुरुवातीला असतं त्या ‘एचटीटीपी’तला शेवटचा ‘पी’ त्याचाच.

मला सगळ्यात मौज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अवघडलेल्या, अतिऔपचारिक वागण्याला इंग्रजीत दुसरा शब्द आहे ‘स्टार्ची’. स्टार्च म्हणजे कपडे कडक करायची खळ. एकीने ताव जोडले, दुसरीने कॉलर ताठ केली. मराठीत मात्र दोन्हींचं नाव एकच.