कागदाची घरं बांधणारे शिगेरू बान

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरातलं जुनं दगडी कॅथेड्रल २२ फेब्रुवारी २०११च्या भूकंपात ढासळलं. ऑगस्ट २०१३मध्ये त्याच शहरात नवं तात्पुरतं कॅथेड्रल खुलं झालं. त्यात सुमारे सातशे माणसं बसतात आणि उतरत्या छपराखाली पुठ्ठ्याच्या जाडजूड नळ्या ओळीने उभ्या आहेत. ते घडवणारे जपानी वास्तुकार शिगेरू बान यांनी या कामाचं मानधन घेतलं नाही. पुढच्याच वर्षी त्यांना वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला.

बान यांचा जन्म १९५७ सालचा, टोकियोतला. शिक्षण अमेरिकेत, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कला झालं. १९८५मध्ये त्यांनी टोकियोत स्वतःचं कार्यालय थाटलं. पुढच्याच वर्षी फिनलंडचे थोर वास्तुकार अल्वार आल्तो यांच्यावरील प्रदर्शनाची मांडणी त्यांच्याकडे आली. आल्तोंचं आवडतं साहित्य लाकूड, पण थोड्या दिवसांच्या प्रदर्शनासाठी ते वापरून मग फेकून देणं बान यांच्या जिवावर आलं. ट्रेसिंग पेपरची गुंडाळी संपली की आतली पुठ्ठ्याची नळी उरते. तीच त्यांनी वापरली आणि ती अपेक्षेपेक्षा बरीच मजबूत निघाली.

ही नळी बनवणं सोपं असतं. वाया गेलेल्या कागदापासून केलेल्या लांब पट्ट्या गोंद लावून दांड्याभोवती तिरप्या गुंडाळायच्या, थरावर थर चढवायचा. जाडी, लांबी, व्यास हवा तेवढा ठेवता येतो. पाणी शिरू नये म्हणून वरून लेप देतात. नळी हलकी असते, स्वस्त पडते आणि काम संपलं की तिचा पुन्हा कागद होतो.

१९९४मध्ये रवांडातल्या निर्वासितांना तंबूसाठी अॅल्युमिनियमचे खांब दिले गेले. लोकांनी ते विकले आणि आसपासची झाडं तोडून खांब केले. बान जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात गेले आणि कागदी नळ्यांचा पर्याय त्यांनी मांडला.

जानेवारी १९९५मध्ये जपानमधल्या कोबेला भूकंपाने हादरा दिला. तिथल्या नागाता भागात बेघर झालेले व्हिएतनामी निर्वासित बागेत प्लास्टिकखाली राहत होते. त्यांच्यासाठी बान यांनी विद्यार्थी आणि स्वयंसेवकांना हाताशी धरून घरं उभी केली. पाया वाळूच्या पिशव्या भरलेल्या बिअरच्या क्रेटचा. भिंती एकमेकींना खेटून उभ्या केलेल्या नळ्यांच्या, फटींत चिकटपट्टी. छताला तंबूचं कापड. जवळच्या ताकातोरी चर्चसाठी त्यांनी ५८ नळ्यांचं प्रार्थनागृह बांधलं. ते दहा वर्षं वापरात राहिलं. मग तैवानला नेऊन तिथल्या भूकंपग्रस्त गावात पुन्हा उभारलं गेलं.

२००१च्या भूकंपानंतर भुजमध्ये त्यांनी तेच घर बांधलं, पण साहित्य तिथलं घेतलं. पडलेल्या इमारतींच्या राडारोड्याचा पाया, वर मातीची जमीन. छताला बांबूच्या कामट्यांची कमान, त्यावर चटया आणि दोन चटयांच्या मध्ये प्लास्टिक. छपराच्या दोन्ही टोकांना लावलेल्या चटईच्या भोकांतून वारा खेळायचा, म्हणून आत चूल पेटवता यायची. घराचा आराखडा जागा पाहून बदलावा लागतो, हे त्यांनी इथे करून दाखवलं.

बान श्रीमंतांची घरं बांधतात, फ्रान्समधल्या मेत्झचं पाँपिदू केंद्रही त्यांच्याच नावावर आहे. अशा कामांत आणि आपत्तीग्रस्तांसाठीच्या कामांत आनंद सारखाच, फरक फक्त मानधनाचा, असं ते सांगतात. त्यांच्या मते पैशासाठी बांधलेली सिमेंटची इमारतही तात्पुरतीच असते आणि लोकांनी जीव लावला तर कागदाची वास्तूही टिकते.

२०११च्या त्सुनामीनंतर जपानमधल्या व्यायामशाळांत हजारो कुटुंबं आडोशाविना पडून होती. बान यांनी कागदी नळ्या आणि पडद्यांचे कप्पे करायचं सुचवलं, तेव्हा अनेक ठिकाणी आधी नकारच मिळाला. पुढे मात्र काही स्थानिक प्रशासनांनी त्यांच्याशी आपत्ती येण्याआधीच करार करून ठेवले.

आपल्याकडे महाराष्ट्रात किल्लारीच्या भूकंपानंतर आपण लोकांना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं, इरशाळवाडीची दरड कोसळल्यानंतर कंटेनरमध्ये. उन्हाळ्यात पत्रा तापला की आत बसवत नाही, हे सांगायला वास्तुकार लागत नाही, पण उपाय काढायला लागतो. आपल्या प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात अन्न, पाणी, औषधांच्या शेजारी निवाऱ्याचा तयार आराखडा असावा. तो जवळच्या वास्तुकला महाविद्यालयाने करावा आणि पुढच्या पावसाळ्याआधी एकदा बांधून पाहावा.